कोरड्या उन्हाळ्यात संकरित गाय थंड कशी ठेवावी

माणदेशात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठाक असते. इथली देशी खिलार गाय हे ऊन निभावते. तिचे केस आखूड, घामाच्या ग्रंथी भरपूर आणि दूध बेताचं, म्हणून पोटात तयार होणारी उष्णताही कमी. दिवसाला वीस लिटर देणाऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गाईचं तसं नाही. ढीगभर चारा-पेंड पचवताना तिचं अंग आतूनच तापतं. हे सगळं तिच्यासाठी लिहितोय.

गोठ्याच्या पत्र्यावर उसाचं पाचट किंवा जुना कडबा पसरा. पाण्याचा हौद सावलीत आणि चोवीस तास भरलेला हवा. दुधाची गाय उन्हाळ्यात शंभर लिटरच्या घरात पाणी पिते, तिला दिवसातून दोनदा पाणी दाखवून भागत नाही. खुराक पहाटे आणि रात्री द्या.

दुपारी तीनला गाईच्या मागे बाजूला उभे राहून कुशीचं वरखाली होणं अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. साठच्या पुढे गेलं की गाईला ऊन बाधतंय. ऐंशी म्हणजे हातातलं काम टाकून गोठ्यात या.

आता पाणी मारणं. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. पहिल्या उन्हाळ्यात दुकानदाराचं ऐकून फॉगर, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे फवारे, बसवले आणि चारी बाजूंना ओली पोती बांधली. गोठा थंडगार वाटायचा, पण मला, गाईला नाही. माझ्या चंद्री गाईच्या पाठीवर दवासारखं पाणी चमकत होतं. केसांत बोटं घातली तर खाली कातडी कोरडी आणि तापलेली. कुशीचा आकडा नव्वद. बाहेर लिंबाखाली बांधलेली तिचीच बहीण साठवर होती, कारण तिला वारा लागत होता.

गाय ओली केल्याने गार होत नाही, अंगावरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून गार होते. त्यामुळे पाणी कातडीपर्यंत पोहोचलं पाहिजे आणि नंतर ते वाळायला वारा पाहिजे. मोठ्या थेंबांचा शॉवर किंवा साधी नळी घ्या. दोन-तीन मिनिटं मान, खांदे, पाठ भिजवा. पाणी पोटाखाली ओघळायच्या आत थांबा. मग दहा-बारा मिनिटं फक्त पंखा. अंग सुकलं की पुन्हा पाणी. अशा तीन-चार फेऱ्या करा. पंखा नसेल तर पोती काढा आणि गाय वाऱ्याच्या तोंडाला बांधा. बंद गोठ्यात पाणी मारू नका, हे मी हात जोडून सांगतो.

कास भिजवू नका. ओघळलेल्या घाण पाण्याने माझ्या दोन गाईंना कासदाह झाला आणि एकीचा एक सड कायमचा गेला. धार काढल्यावर सडाची तोंडं मिटायला अर्धा तास तरी लागतो, तेवढा वेळ गाय बसू नये म्हणून पुढ्यात चारा टाका.

लोक दोनच्या उन्हात एकदा पाणी मारून मोकळे होतात. पण दिवसभर साठलेली उष्णता गाईच्या अंगात संध्याकाळपर्यंत चढत राहते. म्हणून संध्याकाळच्या धारेआधी एक फेरी आणि रात्री आठ-नऊला आणखी एक, चुकवू नका.

तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेच्या तारा आणि ताप १०५ अंशांवर असेल, तर डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत पाणी-पंखा चालूच ठेवा.