पेरू आठ जणांत: नकाशा नंतर, आधी उंची

पेरूचा कार्यक्रम आखताना बहुतेक जण लिमाहून थेट कुस्कोचं विमान धरतात. २०१८ साली मुलीबरोबर गेले तेव्हा मीही तेच केलं. लिमा समुद्राकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, आणि मधे विमानाचा जेमतेम सव्वा तास. उंचीवरच्या विरळ हवेने हॉटेलात पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं, रात्रभर उलट्या झाल्या आणि पुढचे दोन दिवस मी खोलीत पडून काढले. म्हणून गेल्या वर्षी आमच्या पहाटे गोदाकाठी फिरणाऱ्या गटाला, म्हणजे आम्हा आठ जणांना, पेरूला जायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी वहीत प्रत्येक गावापुढे त्याची उंची लिहिली. आमच्यात सगळ्यात लहान बावन्न वर्षांची, सगळ्यात मोठे अडुसष्टचे. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

तो क्रम असा निघाला: लिमा आणि पाराकास समुद्राकाठी, मग आरेकिपा २,३३५ मीटर, कोल्का खोऱ्यातलं चिवाय ३,६३५, तितिकाका सरोवराकाठचं पुनो ३,८२७. तिथून उतरत उरुबांबाचं खोरं, माचू पिक्चू २,४३०, मग कुस्को, आणि शेवटी विमानाने खाली अ‍ॅमेझॉनच्या जंगलात. वीस दिवस लागतात. तिथल्या एका एजंटाने आम्हाला चौदा दिवसांचा, कुस्कोपासून सुरू होणारा कार्यक्रम पाठवला होता. मी तो नम्रपणे परत केला. दिवस कमी असतील तर एखादं ठिकाण गाळा, पण चढाचा क्रम मोडू नका.

महिना मे धरा. डोंगराळ भागातला पाऊस तोवर संपलेला असतो, उतार अजून हिरवे असतात, आणि २४ जूनच्या इंती रायमी उत्सवाची गर्दी सुरू झालेली नसते. डिसेंबर ते मार्च टाळाच.

लिमात एक दिवस पुरे. खरा किनारा पाराकासला दिसतो: एका बाजूला पिवळं वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे झाड नाही. इथला समुद्र दक्षिणेकडून येणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहामुळे थंड असतो, त्यामुळे वाफ वर जात नाही आणि पाऊस जवळजवळ पडतच नाही. पण त्याच गार पाण्यात मासळी अमाप, म्हणून बायेस्तास बेटांवर पक्षी, सी लायन आणि चक्क पेंग्विन. बोट सकाळचीच घ्या. दुपारनंतर वारा उठतो.

तिथून परत लिमाला येऊन आरेकिपाचं विमान घ्या. रात्रभराची बस स्वस्त पडते, पण पन्नाशीनंतर पाठ ऐकत नाही. आरेकिपात तीन रात्री राहाच. पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं हे शहर सुंदर आहेच, पण शरीराला उंचीची सवय इथे लागते. पहिल्या दिवशी फक्त चौकात बसा, एल मिस्ती ज्वालामुखीकडे बघा, दुसऱ्या दिवशी सांता कातालिना मठात सावकाश फिरा.

आरेकिपाहून पुढे आठ जणांना एक मोठी व्हॅन ठरवा. लहान गटाचा खरा फायदा इथे कळतो. रस्त्यात विकुन्यांचा, म्हणजे लामाच्या रानटी भाऊबंदांचा, कळप दिसला की थांबता येतं, कुणाला मळमळलं तरी थांबता येतं. कोल्काच्या वाटेवर पातापाम्पा नावाची खिंड लागते, ४,९१० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून जरासाच जास्त असतो. आमच्या वहिनींनी खाऊची पिशवी उघडली तर चिवड्याची पाकिटं फुगून डग्ग्यासारखी टणटणीत झालेली. वाजवली तर खरंच आवाज येत होता. तेच आपल्या पोटाचंही होतं, म्हणून त्या सकाळी हलकं खा. खिंडीत दहा मिनिटांच्या वर थांबू नका, आणि फोटोसाठी धावू तर मुळीच नका. काकांना मी हात धरून खाली बसवलं होतं. झोपायचं मात्र चिवायला, म्हणजे बरंच खाली.

औषधाबद्दल दोन शब्द. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या अनेक जण घेतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी, रक्तदाब, किडनी हे सगळं तुमच्या डॉक्टरांना सांगून मगच. पाणी भरपूर प्या. कोकाच्या पानांचा चहा तिथे प्रत्येक हॉटेलात ठेवलेला असतो, जरूर प्या, पण आठवण म्हणून पानं घरी आणू नका. भारतात तो गुन्हा आहे.

कोल्कात कॉन्डोर, म्हणजे तिथली प्रचंड गिधाडं, बघायचे तर क्रूस देल कोन्दोरला आठच्या आत पोचा. ऊन चढून दरीतली हवा तापली की ते पंख न हलवता तिच्यावर स्वार होऊन वर येतात. आमच्या डोक्यावरून एक इतक्या जवळून गेला की पिसांतून जाणारा वारा ऐकू आला.

जेवणाची काळजी सगळे करतात, विशेषतः शाकाहारी. ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हणालात तर कोंबडी येईल, कारण कोंबडीला तिथे मांसात धरत नाहीत. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (कोंबडी नको, मासे नको) हेही जोडा, आणि सूप ‘काल्दो दे पोयो’चं, म्हणजे कोंबडीच्या रश्शाचं, आहे का ते विचारा. पण माझं ऐकाल तर कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात जा. तिथे कीविचा नावाच्या दाण्याच्या वड्या मिळतात. तोंडात टाकली आणि आम्ही आठही जण एकमेकांकडे बघायला लागलो: राजगिऱ्याची वडी! राजगिराच तो, तिथला. शेजारच्या टोपल्यांत जांभळे, काळे, गाठाळ बटाटे होते. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, आणि जंगलात जो यूका ताटात येतो तोच आपल्या साबुदाण्याचा कंद. आपलं एकादशीचं ताट अर्धंअधिक इथून आलेलं आहे, हे बाजारात उभं राहून कळलं तेव्हा मला भरून आलं. चुन्योही चाखा: बटाटे रात्री थंडीत गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या वाळवणाचीच बहीण.

पुनोहून कुस्कोकडे येताना कुस्को गावात न थांबता सरळ उरुबांबाच्या खोऱ्यात उतरा. या पट्ट्यात ‘पारो’ म्हणजे रस्ता रोको अधूनमधून होतो. जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनांमुळे माचू पिक्चूसुद्धा बंद ठेवावं लागलं होतं. म्हणून कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवाच.

माचू पिक्चूची तिकिटं काही महिने आधी काढा. ठराविक वेळ, ठराविक मार्ग, आणि बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. सगळं नीट बघायचं तर दोन क्रमांकाचा मार्ग. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट जुळायला हवा, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आत स्वच्छतागृह नाही, शिरण्याआधीच प्रवेशद्वाराबाहेरच्या स्वच्छतागृहात जाऊन घ्या. काठीला रबराचं बूड हवं. माचू पिक्चूला नेणाऱ्या रेल्वेत मोठी बॅग चालत नाही, ती हॉटेलात ठेवून छोटी सॅक घ्या.

पैशांचं: दर आठवड्याला सगळ्यांनी सारखी वर्गणी काढून ‘सोल’, म्हणजे तिथलं चलन, एकाच माणसाकडे द्या. सुटी नाणी मुद्दाम जमवा, स्वच्छतागृहाला रोज लागतात.

जंगलासाठी पुएर्तो माल्दोनादोला उतरा आणि तीन रात्री राहा. गमबूट लॉजवालेच देतात. बॅगेत स्वेटर मात्र राहू द्या. मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून अचानक गार वारे येतात, त्याला तिथे ‘फ्रियाखे’ म्हणतात. आम्हाला तो दुसऱ्याच रात्री भेटला, आणि अ‍ॅमेझॉनमध्ये आम्ही शालीत गुंडाळून बसलो.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोला, त्या वयात लसीचा धोका थोडा जास्त असतो. तिचं कार्ड पासपोर्टातच राहू द्या. पेरूहून परतणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईला उतरल्यावर ते हातात तयार ठेवा.