जुना ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेअर चालू करण्यापूर्वी

ड्युअल १२१९ किंवा त्याच जातीचा जुना जर्मन ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला घेताना नवी सुई आधी मागवून ठेवावी, पण यंत्रणा सुरळीत चालेपर्यंत ती बसवू नये. हत्यारे आणि फडकी यांविषयी सांगायला नको. यंत्र अमेरिकेतून आलेले असल्यास व्होल्टेजबरोबर मोटरची पुलीही तपासावी, कारण ६० हर्ट्झची पुली आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर वेग सहाव्या हिश्श्याने घटवते आणि ट्रान्सफॉर्मर लावून हा दोष जात नाही.

सुई यंत्राच्या नावावरून न मागवता कार्ट्रिजवरचा, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या छोट्या डबीवरचा, क्रमांक वाचून मागवावी. शुअर या कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवल्याने तिच्या कार्ट्रिजसाठी आता इतरांच्या पर्यायी सुया शोधाव्या लागतात. एलपीच्या साध्या गोल सुईचे टोक ०.७ मिल, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाहूनही लहान त्रिज्येचे असते. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना सुमारे ३ मिलचे लागते. घरातल्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्यांवर एलपीची सुई लावल्यास ती खाचेच्या तळाशी घासते आणि पदापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट, ३ मिलची सुई एलपीवर चुकूनही टेकवू नये. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, लाख विरघळते.

प्लेअरच्या पोटातले ग्रीस वर्षानुवर्षांत डिंकासारखे घट्ट झालेले असते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढून नवे अगदी थोडे लावावे. मुख्य लिव्हरच्या टोकावरची बारीक रबरी टोपी झडलेली असेल, तर टोनआर्म (सुई धरणारा दांडा) उचलला जातो पण रेकॉर्डकडे वळत नाही. तेथे वायरच्या आवरणाचा तुकडा बसवता येतो. मात्र या कामानंतर टोनआर्म टेकण्याची जागा सरकू शकते, आणि तो रेकॉर्डच्या कडेबाहेर रबरी मॅटवर आदळू शकतो. म्हणून चाचणी जुन्या, झिजलेल्या सुईवरच घ्यावी. मागील खेपेस माझ्याकडून नेमके हेच राहून गेले. सुई काढून ठेवल्यास टोनआर्मचा तोल बदलतो, तेव्हा जुनीच हवी, आणि रेकॉर्डही टाकाऊ. ७, १० आणि १२ इंच, तिन्ही मापांवर सुरुवात, मधेच थांबवणे व शेवट बिनचूक होईपर्यंत नवी सुई नाही. एकदा जमले म्हणूनही नाही.

पुढे आयडलर व्हील (मोटरची गती तबकडीच्या थाळीला देणारे रबरी कडेचे चाक) पुसणे, प्लेअरची पातळी, टोनआर्मचा तोल. मग नवी सुई बसवून तोल पुन्हा पाहावा, दाब त्या सुईसाठी सांगितला असेल तेवढाच ठेवावा आणि अँटिस्केटिंग (टोनआर्मची आतल्या बाजूची ओढ रोखणारी योजना) त्यानुसार लावावे.