प्रोजेक्टरवर सगळे उभट दिसत होते, ते असं सुटलं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड प्रोजेक्टर आणला, खोक्यावर १०८०पी सपोर्ट लिहिलंय पण आतलं पॅनल १२८० बाय ८०० चंच आहे. सपोर्ट म्हणजे फक्त तेवढा सिग्नल घेतो, दाखवतो स्वतःच्याच पिक्सेलमध्ये, घेताना नेटिव्ह, म्हणजे पॅनलचे स्वतःचे पिक्सेल, किती ते विचाराच. आता हे पॅनल १६:१०, पिक्चर १६:९, आणि मेन्यूत आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं हे प्रमाण) 'फुल' वर होता म्हणून ७२० ओळींचं चित्र ताणून ८०० करत होता आणि सगळे हिरो उभट. 'ऑटो' केलं, वरखाली ४०-४० ओळींची काळी पट्टी आली, चेहरे बरोबर.

लॅपटॉप जोडला की मात्र अक्षरं धूसर, कारण डुप्लिकेट मोडमध्ये (दोन्हीकडे तेच चित्र) तो स्वतःचंच १३६६ बाय ७६८ पाठवत होता. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करून १२८० बाय ८०० निवडलं तर एकदम स्वच्छ.

कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायची सेटिंग) पण शून्य केला, त्याने पण चित्र मऊ पडतं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवायला कपाटावरची ट्रंक हलवावी लागली, आई अजून विचारतेय ट्रंक कुठे ठेवायची.

सिनेमास्कोप, म्हणजे १६:९ पेक्षा रुंद, पिक्चरला पट्ट्या अजून जाड येतात, त्या राहू द्या, झूम केलं की कडेची माणसं कापली जातात.