मशरूम आणि जड धातू: या चुका टाळा

मी बारा वर्षं धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, पिकवतो. हल्ली शिकायला येणारे पहिल्याच दिवशी विचारतात, "मशरूम अंगातलं शिसं, पारा बाहेर काढतं ना?"

अळिंबीच्या पेशीभित्तिकेतली कायटिन आणि बीटा-ग्लुकन ही द्रव्यं धातूंना धरून ठेवतात, हे खरं. उंदरांवरच्या प्रयोगांत काही अर्कांमुळे यकृताची इजा कमी झालेलीही दिसली आहे. पण तेवढ्यावरून ताटातल्या भाजीला औषध ठरवू नका.

त्याहून मोठी चूक बेड, म्हणजे अळिंबी जिच्यावर उगवते ती पेंढ्याची पिशवी, भरताना होते. जी अळिंबी धातू धरते, ती तुमच्या पेंढ्यातलाही धरणारच. कॅडमियम (हाही विषारी जड धातू) आणि पारा तर विशेष. दोन वर्षांपूर्वी एका मेहनती मुलाला फुकट पेंढा मिळाला. तो भात पिकला होता कारखान्यांच्या नाल्याच्या पाण्यावर. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "काका, ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतोय, सगळं मरतं." बुरशी मरते, किडे मरतात, कॅडमियम कशाने मरणार? पीक देखणं आलं. पाकिटांवर 'विषहारक' असं छापूनही झालं होतं. माझ्या हट्टामुळे त्याने नमुना प्रयोगशाळेत दिला आणि कॅडमियम मर्यादेच्या वर निघालं. सगळे बेड उतरवावे लागले. त्यातही घाई अशी, की आधीच्या तोडणीचा वापरलेला पेंढा त्याने घरच्या परसबागेत टाकला होता, मेथीच्या वाफ्यात. ती माती खरवडून काढायला मीही गेलो होतो. त्याचे कष्ट वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं, पण फुकटच्या पेंढ्याचा मोह नवख्यांनी धरूच नये.

रस्त्याकडेची किंवा कचरा डेपोजवळची रानअळिंबी तोडू नका. जुन्या रंगवलेल्या पत्र्यावर अळिंबी वाळवू नका, त्या रंगात शिसं असू शकतं. धातूंच्या तपासणीचा अहवाल दाखवत नाहीत त्यांची 'डिटॉक्स' पावडर घेऊ नका.

आणि रक्ततपासणी टाळू नका. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जुन्या, शिशाच्या बॅटऱ्या फोडायचं काम करत. पोटात कळा यायच्या, तरी तीन महिने मशरूमचं सूप पीत बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, की ते कुठून येतंय हे शोधून बंद करायला हवं. या गृहस्थांचं त्याच्या कितीतरी पट निघालं. शिसं शरीराबाहेर काढणारी औषधं असतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून मुलांच्या जेवणात नाचणी, पालेभाज्या, डाळी हव्यातच. सोबत अळिंबीची भाजीही खुशाल करा.

मी स्वतः पेंढा ओळखीच्या तीनच शेतकऱ्यांकडून घेतो, विहिरीच्या पाण्यावरचा. प्रत्येक गठ्ठ्यावर खडूने शेताचं नाव लिहितो आणि तेच नाव बेडवर चढवतो. नाव नसलेला गठ्ठा भिजत घालत नाही.