खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे जुने दुखणे

कापूस वेचणीच्या हंगामात जळगाव-धुळ्याकडच्या चाळिशीपुढच्या बायका खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवून दुखणे दाखवतात, तेव्हा दोष बहुधा सांध्याचा नसून नितंबाचे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांचा असतो. त्या कुशीवर झोपल्यावर किंवा जिना चढताना कळ वाढते. दुखणे जांघेत असेल, तर मात्र सांधा तपासून घ्यावा.

आधी सवयी बदलाव्यात. नातवंड कडेवर घेऊन एका पायावर रेलून उभे राहू नये, मांडीवर मांडी टाकून बसू नये आणि दुखरी बाजू वर ठेवून झोपताना गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी घ्यावी. पाय आडवा ओढून ताण देण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने कंडरा हाडावर दाबला जातो.

व्यायामासाठी उताणे झोपून, गुडघे वाकवून, त्यांभोवती ओढणी बांधावी आणि ती बाहेरच्या दिशेने हळूहळू ढकलून ३० सेकंद जोर धरावा. पुढे कंबर उचलण्याचा व्यायाम जोडावा. फरक पडायला ८ ते १२ आठवडे लागतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने आराम लवकर पडतो, परंतु तो बहुधा टिकत नाही. पडल्यानंतर पाय टेकवता येत नसेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.