मीठ मोजायचं असेल तर मिठाच्या पाण्यानं धुवू नका

आरबीसीतल्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पडद्यातल्या, सोडियम पंपावर प्रोजेक्ट घेतलंय म्हणजे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, एक एटीपी (पेशीचं इंधन) खर्च, एवढं तुम्हाला पाठ असणारच. मलाही पाठ होतं. तरी माझे साडेतीन महिने वाया गेले आणि ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो, म्हणून लिहायला बसले.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्लिश, वर्गात शेजारची पोरगी कन्नड बोलणारी, सर इंग्लिशमधून सांगणार आणि मी मनात मराठी करून घेणार. एमएस्सीला आले तरी सेमिनारमधे उभं राहिलं की शब्द सापडायचे नाहीत. तुमचंही असंच असेल तर त्याचं टेन्शन घेऊ नका, खरंच घेऊ नका, एका वर्षात ते आपोआप जातं. ज्याचं टेन्शन घ्यायचं ते वेगळंच आहे, आणि त्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं.

प्रोजेक्ट साधं होतं. शुगरवाल्यांच्या आणि निरोगी माणसांच्या तांबड्या पेशींत सोडियम किती ते फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून, मोजायचं आणि त्यावरून पंपाबद्दल बोलायचं. प्लाझ्मात, म्हणजे पेशींबाहेरच्या रक्ताच्या पाण्यात, सोडियम लिटरला १४० मिलीमोलच्या आसपास, पेशीच्या आत मात्र एका लिटर पेशींमागं ६ ते १० मिलीमोल, पोटॅशियमचं बरोब्बर उलटं, आत १०० च्या आसपास आणि बाहेर ४. हा फरक तो पंप दिवसरात्र टिकवून धरतो. मी सीनियरच्या थिसिसमधून प्रोसिजर उतरवून घेतली, त्यात लिहिलेलं, पेशी नॉर्मल सलाइननं तीनदा धुवा. धुतल्या. पेशी फोडल्या, डायल्यूट केलं, रीडिंग घेतलं. एकाच मैत्रिणीच्या रक्ताचं सोमवारी ११, बुधवारी १५, पुढच्या आठवड्यात परत ११. शुगरवाल्यांचं कधी १६ कधी १२. गाईडना दाखवलं तर सॅम्पल वाढव म्हणाले. वाढवले. आणखी गोंधळ. तोवर मी ‘मधुमेहात पंप मंदावतो’ म्हणून बारा पानं लिहून मोकळी झाले होते.

सापडलं कुणाला, तर सेंट्रीफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून पेशी तळाला बसवणारं मशीन, सांभाळणाऱ्या अण्णांना. घरात कन्नड बोलणारा माणूस, मराठी आमच्यासारखीच बेळगावी. मी सलाइनची बाटली हलवत होते, ते टेबल पुसत होते, आणि सहज म्हणाले, ‘पोरी, तू मीठच मोजालीस न्हवं? मग मिठाच्या पाण्यानं का धुवालीस?’

मी तिथंच स्टुलावर बसले.

आता हे जरा लांबण लावून सांगते कारण वाचताना सगळ्यांना वाटतं, हे तर उघड आहे, आणि तरी हातून तेच होतं. सेंट्रीफ्यूज केल्यावर खाली पेशींचा घट्ट थर बसतो, वरचं पाणी आपण काढून टाकतो आणि समजतो की आता नुसत्या पेशी उरल्या. नाही उरत. तांदूळ धुऊन पाणी ओतून दिलं तरी दाण्यांच्या मधे पाणी राहतंच की, तसंच. चांगलं फिरवलं तर थराच्या साधारण २ टक्के, ढिलं फिरवलं तर ५ टक्के सुद्धा बाहेरचं पाणी पेशींच्या मधे अडकून बसतं. नॉर्मल सलाइनमधे सोडियम किती, १५४ मिलीमोल. त्याचे २ टक्के म्हणजे ३. पाच टक्के म्हणजे जवळजवळ ८. म्हणजे पेशीत खरं सोडियम ८ असेल तर एका दिवशी तुम्हाला ११ दिसणार आणि दुसऱ्या दिवशी १५, आणि त्या वरच्या आकड्याचा पंपाशी काडीचा संबंध नाही. तीनदा धुवा नाहीतर तेरादा धुवा, शेवटचं पाणी सलाइनचंच असल्यावर काय उपयोग. मी वही काढून तारखा बघितल्या तर १५-१६ वाले सगळे दिवस एप्रिल-मेच्या दुपारचे, व्होल्टेज पडलेलं, आमचं जुनं बटनवालं सेंट्रीफ्यूज पूर्ण स्पीडच घेत नव्हतं. मी पंपाचा वेग नाही, लाईटीचा दाब मोजत होते.

आणि उत्तर माझ्याच वहीत शेजारच्या कॉलममधे पहिल्या दिवसापासून होतं. पोटॅशियम. ते दरवेळी १०० च्या आसपास, हलायला तयार नाही. पंप खरंच मंदावला असता तर सोडियम चढताना पोटॅशियम उतरायला पाहिजे होतं, कारण दोन्ही कामं एकच पंप करतो. सोडियम एकटंच चढलं असेल तर पंपावर आळ घेऊ नका, आधी धुण्याचं पाणी बघा.

उपाय स्वस्त आहे. सोडियम नसलेल्या, पेशींना सोसेल अशा पाण्यानं धुवायचं, मी मॅग्नेशियम क्लोराइड वापरलं, साधारण ११० मिलीमोलार, पीएच हलू न देणारं ट्रिस घालून पीएच ७.४, आणि बर्फासारखं गार. सलाइनसारखं १५४ करायला जाऊ नका, मिठाचे दोन तर ह्याचे तीन आयन सुटतात, पेशी आक्रसतात. आणि बेळगावच्या पावसात वजन करताना सांभाळा, ते मीठ हवेतलं पाणी ओढतं, जुलैमधे बाटलीत चिखल झालेला असतो, मग वजनात निम्मं पाणीच येतं. नवीन सीलबंद बाटली मागा, कंजूषपणा करू नका. ट्यूब प्लॅस्टिकच्या घ्या, घामाच्या हातानं तोंडाला शिवू नका. रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिनमधे घ्या, जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधे त्याच कामाचं ईडीटीए असतं पण ते पोटॅशियमवालं.

गार का, तर गारठ्यात पंप जवळजवळ थांबतो, धुताना आतलं सोडियम जिथल्या तिथं राहतं. पण हीच गोष्ट फ्रिजमधे उलटते. संध्याकाळची बस गाठायची म्हणून मी दोन-तीनदा रक्त रात्रभर फ्रिजमधे ठेवून घरी गेले. पंप बंद, गळती मात्र चालूच, सकाळपर्यंत सोडियम आत झिरपतं, पोटॅशियम बाहेर पडतं. ब्लड बँकेतल्या जुन्या पिशवीत पोटॅशियम वाढतं त्याचं मोठं कारण हेच. १९४१ मधे जॉन हॅरिस यांनी दाखवलं होतं की अशा गारठलेल्या पेशींना ३७ डिग्रीला ग्लुकोज देऊन ठेवलं की त्या पोटॅशियम परत आत ओढून घेतात. ग्लुकोज विसरू नका हं, तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया (पेशीची वीजघरं) नसतात, एटीपी सगळं ग्लुकोज मोडूनच येतं, मीडियमला ग्लुकोज नसेल तर तुम्ही उपाशी पंप मोजताय.

आता एक गोष्ट जी व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतातच. पेशीतलं सोडियम मोजलं म्हणजे पंप मोजला असं होत नाही. शेतातल्या टाकीला भोक आहे आणि मोटार चालू आहे, पाण्याची पातळी एका जागी थांबलीय, एवढ्यावरून मोटार किती जोरात चाललीय ते कळेल का? भोक मोठं असेल तरी पातळी बदलते. पंपाचा स्वतःचा वेग पाहिजे तर ऊआबेन नावाचं विष लागतं. ते बाहेरच्या बाजूनं पंपाला चिकटतं आणि त्याला जाम करतं. अर्ध्या पेशी ऊआबेन घालून, अर्ध्या न घालता ३७ डिग्रीला ठेवा, दोन्हीतल्या सोडियमचा फरक म्हणजे पंपाचं काम. ही युक्ती जुनी आहे, १९५३ मधे शॅट्झमन नावाच्या शास्त्रज्ञांनी तांबड्या पेशींवरच दाखवली, तेव्हा पंपाचं एन्झाइम कुणाला माहीतही नव्हतं. ते डेन्मार्कच्या स्कू यांना १९५७ मधे खेकड्याच्या नसांमधे सापडलं आणि नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. चाळीस वर्षं! तुमचे सहा महिने लांबले तर जगबुडी होत नाही.

ऊआबेन हाताळताना मात्र गंमत नको. आपल्याकडं कुंपणाला कण्हेर असते, शेळीनं खाल्ली तर शेळी मरते म्हणून आजी ओरडायची, त्या कण्हेरीतलं विष ह्याच जातीचं, ह्याच पंपाला धरतं. ग्लोव्हज घाला, पिपेट तोंडानं ओढू नका, कोण कितीही म्हणू दे की आम्ही असंच केलं.

गाईडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या नावाचा गाईड शोधत फिरू नका, ज्याच्या हाताला अजून ट्यूब लागते असा माणूस शोधा, तो प्रोफेसर असेल नाहीतर अण्णांसारखा असेल. आणि सीनियरची प्रोसिजर उतरवून घ्यायला हरकत नाही पण प्रत्येक ओळीपुढं ‘का’ लिहा. सलाइननं धुणं ही चूक नव्हती, हिमोग्लोबिनच्या कामाला ते चालतं, त्या सीनियरचं काम तेच होतं. माझं नव्हतं.

ती बारा पानं मी फाडली. रडले पण. मग नव्यानं रक्त घेतलं, आणि एक सवय लावून घेतली ती तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा. पेशी फोडायच्या आधी धुतल्याचं शेवटचं पाणी फ्लेम फोटोमीटरवर घाला. ज्योत पिवळी झाली तर अजून सोडियम आहे, परत धुवा. माझं चौथ्या वेळेला शून्याजवळ आलं. त्या दिवशी मैत्रिणीच्या पेशींत ७.८ निघालं, दोन दिवसांनी परत तिचंच रक्त घेतलं तर ८.१, आणि अण्णांना हाक मारून मी दोन्ही आकडे दाखवले.