उपचारात हलगर्जीपणा झाला? भरपाई मागण्याआधी केस पेपर हातात घ्या

भरपाईचे दावे अनेकदा कागदांअभावी पडतात, आणि ते कागद पहिल्या आठवड्यात मिळवले नाहीत तर पुढे मिळवणे जड जाते. म्हणून वकील शोधण्याआधी अर्ज लिहा. साधा कागद चालतो. रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे लिहायचे: रुग्णाचे नाव, दाखल व डिस्चार्जची तारीख, आणि ‘संपूर्ण इनडोअर केस पेपरची (रुग्ण दाखल असतानाच्या सगळ्या नोंदींची) साक्षांकित प्रत मिळावी’.

नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. शेवटी काय झाले ते त्यात असते; कधी, किती वाजता, कोणी पाहिले हे नसते. ते सापडते सिस्टरांच्या चार्टमध्ये, ऑपरेशन नोट्समध्ये, भूलतज्ज्ञांच्या नोंदींत. रात्री अकराला बीपी घसरले आणि डॉक्टर पहाटे चारला आले, हे दाखवणारा कागद तोच. सोबत संमतीपत्र, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे किंवा स्कॅनच्या फिल्म, औषधांची बिलेही मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. मागूनही दिल्या नाहीत, तर भरपाईची तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग त्याचा अर्थ रुग्णालयाच्या विरोधात लावू शकतो. म्हणून ती पोच जपून ठेवा.

रुग्ण दगावला असेल आणि शंका असेल, तर पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागा. ‘आता चिरफाड नको’ असे म्हणत घरचे लोक मृतदेह घेऊन जातात, आणि पुढे मृत्यूचे कारण सिद्ध करताना हात रिकामे राहतात. संतापाच्या भरात तोडफोड तर मुळीच नको: महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय मोडलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.

हलगर्जीपणा कशाला म्हणायचे? गुण आला नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला असे नव्हे. त्या शाखेचा सामान्य कौशल्याचा डॉक्टर जी काळजी घेईल ती घेतली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झाले, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. दुसरा दुवा लोक विसरतात. पोटात कापूस राहिला, चुकीचा पाय उघडला, अशा उघड चुकांत तज्ज्ञांच्या मताशिवायही दावा चालतो. प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. बाकी प्रकरणांत मात्र मत घ्याच, आणि शक्यतो दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांचे. मिरजेतला डॉक्टर मिरजेतल्या डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाही. संमतीपत्रही नीट वाचा: २००८ च्या निकालानुसार दुर्बिणीने तपासणीसाठी दिलेली संमती, जिवाला तातडीचा धोका नसताना, गर्भाशय काढायला पुरत नाही.

आता तक्रार कुठे करायची ते पाहू. पैसे घेऊन दिलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे १९९५ पासून ठरलेले आहे. बिल विमा कंपनीने भरले तरीही. धर्मादाय रुग्णालयात इतरांकडून पैसे घेऊन तुमच्यावर मोफत उपचार केले असतील, तरी तुम्ही ग्राहकच. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे उपचार पुण्यात झाले असले तरी जतच्या माणसाने सांगलीत आणि माणच्या माणसाने साताऱ्यात दाखल करावी.

आयोगाची हद्द भरलेल्या बिलावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, मग भरपाई ४० लाख मागा. ऑनलाइनही दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात असलेला बरा. महिलांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मुदत दोन वर्षे. आत राहिलेली वस्तू उशिरा सापडली तर सापडल्यापासून मोजता येते, पण त्रास होत असूनही वर्षानुवर्षे तपासणी न केलेल्यांना ही सवलत मिळेलच असे नाही.

तक्रारीत तारीखवार घटना, नेमकी चूक, तिचा परिणाम आणि मागणी लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही पक्षकार करा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५.

भरपाईचा आकडा मोघम टाकू नका. झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेले उत्पन्न, मानसिक त्रास असे वेगवेगळे मांडा. सांगली-साताऱ्याकडची खरी अडचण उत्पन्नाची: शेतकऱ्याकडे पगारपत्रक नसते. मग कारखान्याची ऊस बिले, दूध संस्थेच्या नोंदी, बेदाणा किंवा द्राक्षविक्रीच्या पट्ट्या, सातबारा आणि बँक पासबुक लावा. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात मोल आहे. ते मागायला बिचकू नका.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार असतील तर ग्राहक आयोग चालत नाही. केस पेपरच्या किरकोळ फीने काही फरक पडत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका. ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच बसते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात पोटात टॉवेल राहिल्याच्या प्रकरणात १९९६ मध्ये राज्य सरकारलाच जबाबदार धरले गेले होते.

पोलीस तक्रारीने भरपाई मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले जाते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देववू शकत नाही.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करा. रुग्णालयाने अपील केले तर त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्या. आदेश न पाळणाऱ्याला तिथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.